दिव्यांना शिंगांचा रंग

आमच्या किन्हीराजाकडच्या गावात पोळ्याला तोरणाखाली आता बैलांपेक्षा गाड्या जास्त उभ्या असतात. बैल विकले, पण सण विकता येत नाही. म्हणून लोक ट्रॅक्टरवर झूल टाकतात, जीपला हार घालतात, पुरणपोळीचा घास गाडीच्या पुढच्या जाळीला टेकवतात. यावर मी कधी हसले नाही. माझा राग गाडीच्या दिव्यांवर आहे.

माझा मोठा भाऊ जुनी जीप चालवतो. सोंगणीच्या दिवसांत गावातल्या बायकांना दूरच्या शेतांवर पोचवतो. यंदा पोळ्याआधी त्याला हेडलाइट रंगवायची हुक्की आली. वाशिमच्या रंगाच्या दुकानात मीही सोबत गेले. दुकानदाराने स्प्रेचे डबे मांडले. धुरकट काळा, निळा, पिवळा. "कोणता देऊ?" एवढंच त्याने विचारलं. रंग काचेवर मारायचा की भोवतीच्या कड्यावर, त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"काचेवर मारला तर उजेड किती कमी होईल?" मी विचारलं.

तो भावाकडे बघून म्हणाला, "बहीण वकील हाय का?"

दुकानातले पोट्टे खिदळले. भाऊही हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. वडील मानोऱ्याकडच्या तांड्यांवर वाटायला मजुरांच्या हक्कांची पत्रकं आणत; त्यांनी मजुरीचा हिशोब विचारला की मालक लोक असेच हसत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा शिकले आणि छापील बाजूवर वाचायला. प्रश्नाचं उत्तर नसलं की प्रश्न विचारणाऱ्यावर हसायचं, ही चाल मी तेव्हापासून ओळखते.

भावाला एकही डबा पटला नाही. "हे सारे पावसात निंगून जातीन," म्हणाला. घरी आल्यावर कोपऱ्यातल्या डब्यांवर त्याची नजर गेली. बैल होते तेव्हाचा, शिंगांना लावायचा तेलरंग त्यात उरला होता.

"हा पाह्य. ऊन, पाऊस, चिखल, कायनंच जात नाही. याच्याहून पक्का कोणता पाह्यजे?"

टिकतो तो रंग चांगला! बैलाच्या शिंगातून उजेड बाहेर यायचा नसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. एका काचेवर लाल, दुसरीवर हिरवा. तोरणाखाली सगळ्या गावाने वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आता पूस."

"पोयाचा रंग कोणी पुसते का?"

हेही खरंच. आमच्याकडे शिंगांचा रंग खरवडत नाहीत. झिजून जाईल तेव्हा जाईल. मायनेही त्याचीच बाजू घेतली. "राहू दे वं. अपशकून कायले करतं?"

सोयाबीन पिवळं पडलं. रिठदकडच्या शेतांवर जायला बायका झुंजूमुंजू व्हायच्या आधी निघू लागल्या. माय पुढच्या सीटवर बसायची. दिवे लावले की रस्त्यावर नुसता तांबूस-हिरवट डाग पडे. मी घरोघरी सांगितलं, या गाडीत बसू नका. शेजारची काकू म्हणाली, "मंग तू खांद्यावर नेतं का आमाले?"

दुसरी गाडी नव्हती. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. शौक एकाचा, आणि जीव टांगणीला दुसऱ्यांचा. एका पहाटे मीही विळा घेऊन गाडीत चढले.

त्या दिवशी धुकं होतं. "मले दिसून राह्यलं," भाऊ सारखा म्हणत होता. वळणावर एकदम ब्रेक लागला आणि आम्ही एकमेकींवर आदळलो. समोरून येणारा सायकलवरचा दूधवाला कॅनसकट नालीत गेला होता. तो चिखलातून उठला, हातपाय चाचपले आणि ओरडला, "गाडी व्हय का भूत? मले वाटलं, दूर कुठी लग्नाची रोषणाई हाय!"

"दिसलाच नाही," भाऊ पुटपुटला.

काकू मागून म्हणाली, "बैलाचे शिंगं रंगोतेत रे बापा. डोये कोण रंगोते?"

कोणी हसलं नाही. माय खाली उतरली. कमरेचा विळा काढला आणि लाल काच खरवडायला लागली. पोळ्याचा रंग पुसू नये म्हणणारी माझी माय!

"माय, काच फुटन!" भाऊ धावला.

"फुटू दे. बाया फुटल्या नाही पाह्यजेत."

मग बाकीच्याही उतरल्या. दोन्ही काचा साफ होईपर्यंत एकही बाई गाडीत चढली नाही. शेतमालकाचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. भावाने दूधवाल्याची सायकल वर काढली, चाक सरळ करून दिलं. दिवे लावले तेव्हा उजेड थेट वळणापलीकडच्या बाभळीपर्यंत गेला.

मला मात्र समाधान वाटलं नाही. हेच मी दुकानात विचारलं होतं, घरात सांगितलं होतं, दारोदार जाऊन सांगितलं होतं. पटायला एक माणूस नालीत पडावा लागला.

संध्याकाळी भाऊ जीपजवळ उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग कोणता लावू?"

"काचेवर कोणताच नाही. भोवतीच्या कड्याले लाव, गरम झाल्यावर सुटणार नाही असा."

"लाल चालन?"

"चालन. पन दुकानात मी येतो. आन त्या दुकानदाराले या वक्ती तू इचारजो, उजेड किती कमी होते म्हणून. मी पाहतो, तो कसा हासते."