तांब्या जाईल एवढी साखळी

सांगलीतल्या त्या दाराची आतली साखळी मला आजही डोळ्यांपुढे दिसते. साठच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो आणि शहरात भरदुपारी चोऱ्या होत होत्या. पुरुष हळदीच्या पेठेत, बायका घरात एकट्या. कोणीतरी दारात येऊन पाणी मागायचं आणि बाई आत वळली की हाताला लागेल ते उचलून पसार व्हायचं. आम्ही गल्लोगल्ली सांगत फिरलो : दाराला आतून साखळी बसवा. दार थोडंसंच उघडतं, माणूस दिसतो, बोलता येतं, पण त्याला आत येता येत नाही. लोकांनी ऐकलं. लोहारांनी साखळ्या केल्या, सुतारांनी बसवल्या. काही दिवस ठाण्यात शांतता होती.

आणि मग साखळी लावलेल्याच घरात चोरी झाली.

घर एका अडत्याचं. त्याच्या बायकोची बोरमाळ पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून आणली होती आणि दाराजवळच्या फडताळात ठेवली होती. ती, म्हणजे घरातल्या सासूबाई, देवळात गेल्या होत्या. घरात एकटी सून. सासूबाई परतल्या तेव्हा साखळी जागच्या जागी होती, बोरमाळ मात्र नव्हती.

पंचनाम्याला गेलो तर सोप्यात सुनेची ट्रंक भरून ठेवलेली. आदल्या दिवशी तिचा भाऊ साताऱ्याकडून येऊन गेला होता आणि त्यानंतर फडताळ कोणी उघडून बघितलं नव्हतं. सासूबाईंचा तपास तेवढ्यावर संपला होता.

"साखळी तुटली न्हाई, कडी मोडली न्हाई. मग माळ काय पाय फुटून गेली, साहेब? भावाच्या पिशवीतनं गेली. उद्याच्या गाडीनं हिलाबी तिकडंच धाडणार. पुन्हा या उंबऱ्यात पाय न्हाई."

अडते खाली मान घालून बसलेले. त्यांचा मुलगा, सुनेचा नवरा, भिंतीकडे बघत होता. ना साक्षीदार, ना पुरावा, आणि शिक्षा सुनावून मोकळे! आपल्या घराघरांत हे असं न्यायालय रोज भरतं. तिथं आरोपी ठरलेली असते : जी बाहेरून नांदायला आली ती. माझं डोकं तापलं, पण वर्दीतल्या माणसानं आधी जबाब घ्यावा.

सून हळू पण स्पष्ट बोलली. "एक माणूस आला व्हता. हळदीच्या गाडीवरचा हाय म्हनला, लय तहान लागलीय. मी साखळी काढली न्हाई. तांब्या तसाच भाईर दिला. तर म्हनला, ताई, आडाचं ताजं पानी द्या की. मी परसात जाऊन शेंदून आनलं. ते प्याला आन् गेला."

"कसा होता दिसायला?"

"तोंड नीट दिसलं न्हाई, साहेब. पर तांब्या घेताना हात दिसला. नखं पांढरीफेक व्हती. हळदीच्या गाडीवरचा मानूस आन् नखाला हळद न्हाई?"

खोटं बोलणारा माणूस चेहऱ्याचं वर्णन रंगवून सांगतो. त्याला नखं सुचत नाहीत. ती खरं बोलत होती, याची माझी तिथंच खात्री पटली. मी उठून बाहेर गेलो, साखळी लावून घ्यायला सांगितली आणि फटीतून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. दार थोडं ओढून घेतलं, साखळी सैल पडली आणि तिची गुंडी खाचेतून अलगद सुटली. परत तशीच अडकवताही आली.

"एवढी लांब साखळी कुणी ठेवायला सांगितली?"

"मीच," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "दारात आलेल्याला पानी नगं द्यायला? तांब्या भाईर जायला पायजे!"

गल्लीतली दारं तपासली. सगळ्या साखळ्या तशाच. प्रत्येक घरानं सुताराला तांब्या दाखवूनच माप दिलं होतं. सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. "हात जातुया म्हनून चोर आलाच असं हाय व्हय?" मुद्दाही बरोबर होता. मी एवढंच म्हणालो, "आवं काकू, तपास पुरा होईस्तोवर ट्रंक हलवायची नाही. सूनबाई माझ्या साक्षीदार आहेत."

एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याला नखांची खूण सांगून ठेवली. दोन दिवसांत त्याचा निरोप आला : हमाल म्हणवतो, पण हाताला हळद नाही, असा एकजण रोज दुपारी पेठेतून फिरून येतो. आम्ही त्याला उचलला. किडकिडीत, तोंडाळ गडी.

"त्या गल्लीत मी कवा गेलोच न्हाई. आन् साखळी हुती म्हनतासा, मग मी काय माशी हाय आत जायला?"

झडतीत काही सापडलं नाही. हवालदार बाह्या सरसावू लागले. मी नको म्हटलं. मारून वदवलेलं कोर्टात टिकत नाही, आणि टिकलं असतं तरी मला नको होतं. मी सुताराला बोलावून ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीला तशीच साखळी बसवायला लावली. फक्त कड्या कमी करून, चार बोटं जातील एवढी. आरोपी समोरच बसला होता. सुताराचं काम बघून तो गालात हसत होता.

"हसतोस काय रं? ये, हात घालून दाखव."

त्यानं हात घातला. मनगटावर अडकला.

"बघितलंत?" मी हवालदारांना म्हणालो. "साखळीतून कोणी आत शिरू शकत नाही. सुनेनंच माळ दिली असणार."

त्याला राहवलं नाही. कसबी माणसाला आपल्या कसबाबद्दल चुकीचं बोललेलं सोसत नाही. "आवं साहेब, ह्यातनं कसा जाईल? ही आखूड हाय. त्यांची चांगली हातभर लांब व्हती!"

हवालदारांनी ते शब्द तसेच टिपून घेतले.

"तू तर त्या गल्लीत कधी गेलाच नव्हतास ना गड्या?"

त्यानं कपाळाला हात लावला. संध्याकाळी पंचांसमोर त्यानं कृष्णेच्या काठची जागा दाखवली. चिंध्यांत गुंडाळलेली बोरमाळ बाहेर निघाली. साखळी पुन्हा अडकवायचं कारणही त्यानंच सांगितलं : "मंग घरातलीच घरातल्यांवर संशय घेत्यात. पोलीस उशिरा येत्यात." आमच्या घरांची पारख त्याला आमच्यापेक्षा बरी होती, याची मला आजही चीड येते.

सासूबाईंनी माळ ओळखली. सुनेकडे न बघता त्यांनी ट्रंक उचलली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चहा टाक गं सायबांना." माफी तेवढीच. मला ती पुरेशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहून साखळी नव्याने बसवून घेतली. खाचेचा पत्रा दाराच्या पातळ फळीवर नव्हे, जाड आडव्या पट्टीवर. चौकटीत खिळे नव्हे, लांब स्क्रू. आणि लांबी चार बोटांची. सासूबाई कुरकुरल्या, "मग तान्हेल्याला पानी कसं द्यायचं?"

सून पहिल्यांदाच त्यांच्यापुढे मोठ्यानं बोलली. "ओट्यावर माठ ठेवू की. दार कशाला उघडाय पायजे?"

निवृत्तीनंतर एकदा त्या गल्लीतून जात होतो. बऱ्याच ओट्यांवर माठ होते. त्या घराचं दार चार बोटं उघडलं आणि केस पिकलेल्या एका बाईनं मला निरखून पाहिलं.

"साहेब न्हवं का तुमी?" साखळी निघाली, दार सताड उघडलं. मागून तिची तरुण सून डोकावत होती. त्या नव्या सुनेच्या गळ्यात ती बोरमाळ होती.