देवाचा वास, धारणीमार्गे

गेल्या वर्षी तापात माझं नाक गेलं. म्हणजे आहे जागेवर, पण वास येत नाही. त्याच वर्षी आई गेली. तिची एक साडी न धुता कपाटात ठेवली होती, वासासाठी. तोंड खुपसलं तर नुसतं कापड. फार रडले.

मग वाचनात आलं की मध्ययुगातले ख्रिस्ती साधू आत्म्यालाही पाच इंद्रियं मानत. आतले डोळे, आतले कान. आतल्या जिभेला देवाची गोडी कळते, आतल्या नाकाला त्याचा सुगंध येतो. म्हटलं, बाहेरचं नाक गेलं, आतलं तरी चालतं का बघू. मैत्रिणीची मावशी मार्थाबाई धारणीपलीकडच्या एका गावात छोटं चर्च सांभाळतात. चैत्रात निघाले.

अमरावतीला उतरलात तर गिला वडा खाच. मला फक्त तिखट आणि आंबट कळलं, तरी दुसरी प्लेट घेतली. परतवाड्यापर्यंत रस्ता बरा, पुढे मेळघाटातली वळणं पोट ढवळतात. उलटीची गोळी आधीच घ्या. धारणीहून जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. बाहेर मोह फुलला होता. जीपमधले सगळे म्हणत होते, काय घमघमाट सुटलाय. मी डोळे मिटून हुंगत राहिले, झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी.

चर्च म्हणजे एक कौलारू खोली, अंगणात मोहफुलांचा सडा. मार्थाबाईंनी चहा पाजला आणि आत बाकावर बसवलं.

"इथं देवाचा वास हाये, पोरी. चुपचाप बस."

खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. आतलंही नाक गेलं, असं वाटून हुंदका फुटला.

"कावून रडून राहिली?"

वास येत नाही म्हणाले, आणि आईच्या साडीचंही सांगून टाकलं. त्या आधी गोंधळल्या, मग हसायला लागल्या.

"अवं, नाकाचा नाही म्हनत मी. देव रायते इथं. रायनाऱ्याले का हुंगून पायतेत?"

त्या साधूंच्या लॅटिनमध्ये हा घोळ झालाच नसता. मीही हसले, आणि तशीच बसून राहिले. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत गेली. शेजारी कुणी बसलं असावं तसं उगाच बरं वाटत होतं.

घरी आल्यावर कपाट उघडलं. साडीत तोंड खुपसलं. नाकाला काहीच आलं नाही. पण आईचा वास होता.