मागून फाडलेला कोट

आमच्या चाळीतले सगळे मेलेले पुरुष एकाच कोटात आहेत.

घराघरात भिंतीवर हार घातलेला फोटो. माणूस वेगळा, कोट तोच. काळा, रुंद कॉलरचा.

तो कोट ज्या पोरीनं आणला, ती कुंदा आज पहाटे गेली.

मिल बंद पडली तेव्हा कुंदा सोळा वर्षांची होती. वडील रामभाऊ, साचेखात्यात विणकर. महूच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेल्या मामानं तिला एक जुना कॅमेरा दिला होता. शिकवणारं कोणी नव्हतं.

राजवाड्याजवळच्या फोटो लॅबमध्ये रोल धुवायला द्यायची आणि काउंटरला टेकून विचारत राहायची, "भिया, हा काळा का आला? हा हलला कसा?"

लॅबवाला वैतागून सांगायचा. अशी शिकली.

तेव्हा दिल्लीत टाळ्या वाजत होत्या. देशाची दारं उघडली म्हणे.

आमच्या ओळखीचं एकच दार होतं, मिलचं. त्याला कुलूप होतं.

पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत अर्ज करायचा तर फोटो हवा. चाळीत फोटो होता कोणाकडे? कुंदानं खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं: येथे फोटो काढून मिळेल.

जुन्या बाजारातून एक कोट आणला आणि कात्रीनं मागून वरपासून खालपर्यंत फाडला. आई ओरडली.

"मम्मी, फोटोत पाठ थोडीच दिसते?"

कोट पुढून घालायचा. हाडकुळ्या माणसाला मागून कपड्यांचे चिमटे. जाड्याला तसाच मोकळा. पन्नाशीतल्यांना तरणं दाखवायला ती त्यांच्या केसांना बूटपॉलिश लावायची.

"काका, ठुड्डी जरा नीचे घ्या. हां. आता समजा, मालक समोर उभाय."

"मालक समोर असता तर फोटो काढत बसलो असतो का गं? कानाखाली नसती ठेवून दिली?"

सगळी खोली हसायची. त्या दिवसांत चाळीत हसण्याची तेवढी एकच जागा उरली होती.

मी तेव्हा युनियनचा, मिलच्या गेटवर भाषणं करायचो. मला म्हणाली, "भिया, आधी फोटो, मग भाषण. तुमचं ऐकून रडून येतात आणि फोटोत डोळे सुजलेले दिसतात."

दारातून उजेड एकाच बाजूनं यायचा. माणसाचा डावा गाल काळा पडायचा. म्हणून रामभाऊ डाव्या बाजूला उभे राहून मांजरपाटाचा पांढरा तुकडा दोन्ही हातांनी ताणून धरायचे. त्यांच्याच साच्यावर विणलेला. दारातला उजेड त्या कापडावर आदळून गालावर पडायचा.

आयुष्यभर कापड विणलेला माणूस. आता नुसतं धरून उभा.

कुंदाला एकच फोटो मनापासून काढायचा होता. बाबांचा.

"बसा ना एकदा, बाबा."

"त्या कोटात? समोरून कलेक्टर, मागून भिकारी. नको."

"बिना कोटाचे बसा."

"मिलचा भोंगा वाजू दे. पहिल्या पाळीला निघेन ना, तेव्हा काढ. कामाच्या बंडीत."

भोंगा वाजला नाही.

नोकऱ्याही मिळाल्या नाहीत. तिकडे पीथमपूरला तरणी पोरं हवी होती. रांगेत उभं राहून घामानं बूटपॉलिश कानशिलावर उतरायचं आणि गेटवरचा वॉचमनच परत पाठवायचा.

मग माणसं जायला लागली.

एक रेल्वेच्या पटरीवर. एक दारूत. एक नुसताच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

कागदावर काहीही लिहा. मी त्याला तेव्हा खून म्हणालो होतो. आजही खूनच म्हणतो.

आणि दर वेळी घरातलं कोणीतरी कुंदाच्या दारात. "तो नोकरीवाला फोटो होता ना, तोच मोठा करून दे."

एकदा मला म्हणाली, "भिया, मी नोकरीसाठी फोटो काढते आणि लोक त्याला हार घालतात. बंद करू का हे?"

तिच्या घरची चूल त्याच कॅमेऱ्यावर पेटत होती.

मग रामभाऊ गेले.

सकाळी, पहिल्या पाळीच्या वेळेला, बंडी घालून उंबऱ्यावर बसले. उठलेच नाहीत.

मामा म्हणाले, "आता तरी काढून घे फोटो."

कुंदानं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

कोणीतरी लग्नातला ग्रुप फोटो आणला. त्यात रामभाऊंचं तोंड वाटाण्याएवढं. तिनं तो परत दिला.

मग एक दिवस तिनं सगळ्या निगेटिव्ह काढल्या आणि दारात बसून एकेक उजेडासमोर धरली. प्रिंट करताना कडा कापल्या जायच्या. निगेटिव्हमध्ये त्या शाबूत होत्या.

प्रत्येकीच्या कडेला दोन हात. ताणलेलं कापड.

त्यातली एक तिनं मोठी करून आणली. नुसते हात. भिंतीवर लावली, हार घातला.

मामा भडकले. "हातांना हार घालतात का? दिमाग ठिकाणावर आहे ना पोरी?"

"मामा, चेहरा त्यांनी मला दिला नाही. हात रोज दिले."

पुढे स्नेहलतागंजात तिनं लहानसा स्टुडिओ काढला. धाकट्या भावाला शिकवलं, आईचं सगळं केलं. कोट तिथंही खुंटीवर होता. मोबाइल आले, स्टुडिओ बसला. चाळीच्या जागी इमारत उभी राहिली. त्या इमारतीच्या पायात काय काय गाडलंय, ते आत राहणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आज तिच्या घरी गेलो. भिंतीवर ते हात अजून आहेत.

चाळीतल्या पोरांनो, तुम्ही आता कुठं कुठं फ्लॅटमध्ये राहता. तुमच्या भिंतीवर कोटातले आजोबा असतील. आज एवढंच करा. हार जरा बाजूला सारा आणि त्यांच्या डाव्या गालाकडे बघा.

तो उजेड रामभाऊंनी धरलाय.

भोंगा काही वाजला नाही, कुंदा.

सगळ्या चाळीकडून तुला अखेरचा जयभीम.