तीन किलो एपॉक्सी आणि व्याह्यांची होडीफेरी

आमच्या घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे होडीची दुरुस्ती माझ्याकडे आली.

बाबांची पनवेलच्या खाडीत एक छोटी होडी आहे. तिची इंजिन बसवायची मागची फळी कुजली होती. एरवी बाबांनी सावकाश बघितलं असतं. पण ताईचं नुकतंच लग्न झालेलं, आणि कामोठ्याच्या व्याह्यांना येत्या रविवारी होडीतून फिरवायचा शब्द बाबांनी भर हळदीत, माइकवरून दिला होता. (आमच्याकडे हळदीत माइकवर बोललेलं मोडता येत नाही. अख्ख्या गावाने ऐकलेलं असतं.)

नवी फळी बसली. तिच्यावर फायबर चढवायचं बाकी होतं. होड्या दुरुस्त करणारे दामूकाका म्हणाले, "पॉलिस्टर रेझिन नि काचेची मॅट आण. आमी चालीस वर्सं तेच लावतो."

"काका, व्हिडिओत सगळे एपॉक्सी सांगतात," मी म्हणाले. हे माझं त्या आठवड्यातलं सर्वांत लांब वाक्य. व्हिडिओतले लोक स्वेटर घालून काम करत होते, हे मी पाहिलं होतं. त्यावर विचार केला नव्हता.

"पोरगी शिकलेली हाय," बाबा म्हणाले. विषय संपला.

दुकानात अनोळखी माणसाशी बोलावं लागू नये म्हणून मी चिठ्ठी नेली: एपॉक्सी रेझिन तीन किलो, काचेचं विणलेलं कापड, हार्डनर. दुकानदाराने चिठ्ठी वाचून विचारलं, "हार्डनर फास्ट की स्लो?"

हे चिठ्ठीत नव्हतं. मागे चार गिऱ्हाईकं उभी, रविवार दोन दिवसांवर.

"फास्ट."

"मे महिन्यात? उन्हात पटकन आळेल."

मी मान डोलावली. माघार घेतली असती तर आणखी बोलावं लागलं असतं.

शनिवारी भर दुपारी अंगणात होडी पालथी घातली आणि मी वाटीत थोडंसं मिश्रण कालवायला घेतलं. गावातल्या प्रत्येक लग्नात स्वयंपाकाला उभ्या राहणाऱ्या माझ्या आईला ते बघवेना.

"वाटीत काय कालवतेस? पावनं येनार हायत. कंजूसपना दिसतो."

"आई, थोडं थोडंच करायचं असतं, नाहीतर तापतं—"

"एकदाच कर नि मोकली हो."

तिने रश्शाचं मोठं पातेलं आणलं, तिन्ही किलो रेझिन ओतलं, वर सगळा हार्डनर, आणि डावाने ढवळलं. वाद घालण्यापेक्षा मी कापड कापायला बसले.

चार मिनिटांत पातेल्याला हात लावता येईना. सहाव्या मिनिटाला धूर! बाबांनी ब्रश बुडवला, तो बाहेर आलाच नाही. डावही आत उभा.

"भारीतला माल हाय," दामूकाका म्हणाले. "कडक व्हनारच."

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल. आईने सवयीने उचलला. मागून विहीणबाई डोकावल्या. "अय्या, एवढ्या वाफा? काय शिजतंय?"

"चिंबोऱ्यांचं कालवन," आई डाव हलवायचा प्रयत्न करत म्हणाली.

"आमचे हे चिंबोरीसाठी वेडे आहेत. उद्या होडीत डबाच घेऊ या."

म्हणजे फळी उघडी, पातेलं बंद आणि डबा कबूल. आई खेकडे शोधायला बाजारात पळाली. बाबांनी दोनदा माइकवाल्या मांडवाच्या जागेकडे बघितलं.

दामूकाका उठून घरी गेले आणि आधीच्या कामांतलं उरलेलं पॉलिस्टर, मॅटचे तुकडे घेऊन आले. ताडपत्रीच्या सावलीत वाटी-वाटीने कालवत त्यांनी संध्याकाळपर्यंत फळी पुरी केली. मी वाट्या पुढे करत होते.

रविवारी होडी खाडीत मजेत चालली. इंजिन दामूकाकांकडे, कालवण व्याह्यांकडे. बोटं चाटून झाल्यावर त्यांनी फळीवरून हात फिरवला. "फिनिशिंग मस्त आहे. मटेरियल कोणी सिलेक्ट केलं?"

बाबा पाण्याकडे बघू लागले.

"पोरीनं," दामूकाका शांतपणे म्हणाले.

"मग आमच्या गच्चीवरच्या टाकीचंही हीच बघेल. कधीची गळतेय."

खरं सांगायला खाडीभर वेळ होता. पण होडीतले सगळेच माझ्याकडे बघत होते, म्हणून मी "हो" म्हणाले.

टाकी दोन हजार लिटरची आहे.