जमिनीवर बसून पाहिलेला नगर जिल्हा

शबानाचा फोन आला तेव्हा मी हिवाळ्याचे कपडे उन्हात टाकत होते. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं घरांवर सदर लिहिलंत, पण घरं सजवणाऱ्या माणसाबरोबर कधी फिरलात का? तीन दिवस काढा. माझी विकेट पडते की राहते, तेही बघायला मिळेल."

शबाना अहिल्यानगरची इंटिरियर डेकोरेटर. सदरासाठी तिची एकदा मुलाखत घेतली होती, तेव्हापासून मी तिची मावशी झाले. विकेटचा मामला असा होता. पुणतांब्याच्या एका शेतकरी कुटुंबाने नवा बंगला बांधला होता आणि त्याच्या हॉलचं काम तिला मिळता मिळता अडकलं होतं. तिची दोन डिझाइनं नापसंत झाली होती. तिसरं आवडलं नाही तर काम नाशिकच्या तयार फर्निचरवाल्याकडे जाणार होतं. घरच्यांना घाई होती, कारण त्यांचा मुलगा सागर लग्नाचा होता. तो पेरूची बाग करतो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायची तर लोक आधी घर बघून जातात, आणि एक स्थळ महिनाभरात घर बघायला येणार होतं.

मी बॅग भरली.

पहिला मुक्काम श्रीगोंदा. पुण्याहून एसटीने दौंड, काष्टी करत गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा प्रवास चहा-वड्याच्या खर्चात होतो. एक सूचना मात्र देते. नोव्हेंबर ते मार्च इकडे स्वतःची गाडी आणणार असाल तर वेळ हातात ठेवा. उसाचा हंगाम असतो, आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलात की मोळ्या मोजत बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

शबाना स्टँडवर तिची जुनी पांढरी गाडी घेऊन उभी होती. तिची एक पद्धत आहे. काम पूर्ण झालं की वर्ष-दीड वर्षाने ती त्या घरी न कळवता जाते. "कळवून गेलं की लोक घर आवरून ठेवतात. मग मला मीच काढलेला फोटो पुन्हा बघायला मिळतो. लोक राहतात कसे ते दिसत नाही."

त्या दिवशी आम्ही साखर कारखान्यातल्या एका नोकरदाराच्या घरी थडकलो. हॉल खरंच देखणा होता. गुळाच्या ढेपेसारखा तांबूस रंग एका भिंतीला, बाकी सगळं शांत. तो रंग शबानाने जवळच्या गुऱ्हाळात गरम गूळ खाताना ठरवला होता, आणि रंगवाल्याला दाखवायला ढेपेचा तुकडा कागदात बांधून नेला होता. पोहोचेपर्यंत त्याला मुंग्या लागल्या, हे ती हसत सांगते.

सोफ्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. घरातली चार माणसं जमिनीवर सतरंजी टाकून, सोफ्याला पाठ टेकून टीव्ही बघत होती. टीव्ही सोफ्यावर बसणाऱ्याच्या हिशेबाने भिंतीवर लावलेला, त्यामुळे चौघांच्याही माना वर.

"सोफ्यावर का नाही बसत?" मी विचारलं.

"बसतो ना," घरातल्या बाई म्हणाल्या. "पाहुणे आले की बसतो. आमच्याआमच्यात कशाला खराब करायचा?"

"आणि मान?"

"मानेचं काय, सवय झाली. शबानाताईंनी लई भारी काम केलंय. नणंदेचं घर व्हायचंय, तिला तुमचाच नंबर दिलाय."

गाडीत बसल्यावर शबानाने आधी आरसा नीट केला. मग म्हणाली, "मावशी, तो सोफा मी तीन दुकानं पालथी घालून निवडला होता. लोडाच्या कामाला आलाय."

संध्याकाळी अहिल्यानगर. जुने लोक अजून नगरच म्हणतात, मीही म्हणते. कापडबाजारात फिरायचं असेल तर गाडी लांब लावा आणि पायी जा. शबानाच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान तिथून जवळच आहे. तीन पिढ्या कापूस पिंजण्यात गेल्या. हल्ली निम्मं दुकान फोमचं झालंय, पण मागच्या खोलीत पिंजायचं मशीन चालू होतं आणि अब्बांच्या भुवयांवर कापूस बसला होता.

"या, बसा," ते म्हणाले. "ही माझी पोरगी जिथं जाते तिथं माझं एक गिऱ्हाईक कमी करून येते. जुनी गादी काढा, सोफा आणा. घरचाच माणूस धंदा बुडवतो, बाहेरच्याची गरज नाही."

"अब्बा, तुमच्या गाद्या कोण घेतं आता?"

"जो झोपतो तो घेतो. जो फोटो काढतो तो तुझ्याकडे येतो."

शबानाने गादीवर बसून खोलीकडे एक नजर फिरवली आणि अचानक विचारलं, "दोन मोठ्या गाद्या आणि सहा लोड उद्यापुरते देता का?"

"कुठं नेतेस?"

"पुणतांब्याला."

"ने. पण डाग पडला तर विकूनच यायचं."

रात्री त्यांच्या घरी जेवण. शबानाच्या अम्मींनी डालचा आणि भात केला होता, आणि मी मराठी म्हणून खास शिपी आमटीही केली होती. आमटी इतकी झणझणीत की मला घाम फुटला. "नगरचं पाणी आहे, त्याला इलाज नाही," अम्मी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या टपावर गाद्या बांधून निघालो. राहुरी, श्रीरामपूर करत पुणतांबा. रस्ता काही ठिकाणी उत्तम, काही ठिकाणी दात वाजवणारा. राहात्याच्या बाजूला गेलात तर पेरू घ्यायला विसरू नका. टोपलीवाल्या बाईंना "आज खायचे" की "दोन दिवसांनी" एवढं सांगा, त्या निवडून देतात. पुणतांब्यातला गोदावरीचा घाट दुपारच्या आत बघा, तेव्हा तिथे धुणं वाळत घालणाऱ्या बायका आणि बगळे यांच्याशिवाय फारसं कोणी नसतं. शबाना पायरीवर बसून ओला दगड आणि वाळलेला दगड यांच्या मधल्या रंगाकडे बघत होती. मी वेगळा रंग शोधत होते, मला दिसला नाही.

बंगला गावाबाहेर, पेरूच्या बागेच्या कडेला. मालकांना सगळे नाना म्हणतात, त्यांच्या बायकोला काकू. भिंतींना गिलावा झालेला, खिडक्यांच्या चौकटी बसायच्या बाकी. कुटुंब अजून मागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतं.

"पहिलं डिझाइन दवाखान्यासारखं वाटत हुतं," नानांनी मला माहिती दिली. "दुसरं हॉटेलासारखं."

"आणि काकूंना?"

"मला छान वाटलं हुतं दोन्ही," काकू म्हणाल्या.

शबाना माझ्या कानाशी पुटपुटली, "छान म्हणजे नको."

सागरच्या फोनमध्ये त्याला हवा असलेला हॉल होता. करड्या रंगाचा कोपऱ्यात वळणारा सोफा, मध्ये काचेचं टेबल, छताला निळे दिवे. शबानाच्या पिशवीत तिसरं डिझाइन होतं. ते तिने बाहेरच काढलं नाही. तिने टपावरच्या गाद्या सोडल्या, हॉलमध्ये भिंतीलगत अंथरल्या, लोड मांडले, आणि सागरला शेजारून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणायला सांगितल्या. खुर्च्या समोरच्या भिंतीला.

"आता काकू, चहा ठेवा. बाहेरच्या सगळ्यांना आत बोलवा."

बाहेर माणसं होतीच. टपावर गाद्या घेऊन आलेली गाडी बघायला भावकी जमली होती. आधी आलेल्या चौघांनी मानाने खुर्च्या पकडल्या. नंतरचे गाद्यांवर. चहा फिरला, ऊसतोडीवरून बोलणं निघालं, मग पेरूच्या भावावरून. दुसरा चहा येईपर्यंत खुर्चीवरचे तिघे खाली सरकले होते. एकाने तर लोड डोक्याखाली घेतला.

चौथे तात्या, नानांचे चुलते, ते हलेनात. "मला इथंच राहू द्या. माझे गुडघे गेल्यात. एकदा खाली बसलो की उठवायला दोघं लागतात."

शबानाने लगेच टेप काढून त्यांच्या खुर्चीची उंची घेतली. "तात्यांसाठी एका टोकाला उंच बैठक. बाकी सगळी ठेंगणी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर कापसाची गादी."

सागरचा चेहरा उतरला. "ताई, पोरीकडचे लोक येणार. त्यांना खाली बसवायचं?"

"त्यांच्या घरी ते कुठं बसतात?"

"त्यांच्या घरी बसू द्या की खाली. आमच्याकडं कशाला?"

सगळे हसले, पण त्याचं काही चुकत नव्हतं. बंगला बांधायला बापलेक बागेत किती राबले ते त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते दिसायला नको का?

एवढ्यात काकू पदराला हात पुसत आत आल्या आणि पहिल्यांदाच गादीवर टेकल्या. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "हितून तर काहीच दिसंना."

"काय दिसायला हवं?" शबानाने विचारलं.

"बाग. मागच्या खोलीत दारात बसलं की बाग दिसती. कुणी आलं, माकडं आली, सगळं कळतं. हितं नुसतं आभाळ हाय."

शबाना जाऊन काकूंच्या शेजारी बसली. मीही बसले. खिडकीखालची भिंत आमच्या डोळ्यांच्या वर येत होती. शबाना उठली, पुन्हा बसली, आणि कपाळाला हात लावला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तिन्ही डिझाइनांत मी या खिडकीला पडदे दाखवले. खाली बसून एकदाही बघितलं नाही. मी गादीवाल्याची पोरगी, आणि सगळं सोफ्यावर बसून मोजलं." तिने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. "इथपर्यंत फोडावी लागेल. फूट-दीड फूट. चौकटी बसल्या नाहीत तोवर सोपं आहे. मोठी जाळी लागेल, तो खर्च वाढेल."

नवा गिलावा फोडायचा, तोही घरच्याच मालकीणबाई बसल्या म्हणून. सागर म्हणाला, "परवा नाशिकवाला येतोय. त्याचंही बघू ना आधी."

"विचार करून कळवतो," नाना म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो हे सगळ्यांना माहीत आहे.

गाद्या परत बांधायला गेलो तर काकू म्हणाल्या, "राहू द्या दोन दिवस. डाग न्हाई पडू देत."

तिसरा दिवस भंडारदरा, मुक्कामाला आदल्या संध्याकाळीच पोहोचलो होतो. संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. राजूरनंतर घाटात वळणं आहेत आणि सकाळी धुकं असतं, त्यामुळे उजेडातच जा. घरगुती राहण्याची सोय दोघांना जेवणासकट दोन-अडीच हजारांत होते. शनिवार-रविवार टाळलात तर घासाघीसही करता येते. नाचणीची भाकरी, पिठलं आणि काळभात या इथल्या सुवासिक तांदळाचा भात मागून घ्या. स्वेटर विसरू नका, मी विसरले आणि शबानाच्या अम्मींची शाल पांघरून फिरले.

शबाना दर हिवाळ्यात इथे येते. सोबत एक रिकामा डबा असतो. फोटो काढत नाही, डबा भरते. वाळलेल्या गवताच्या काड्या, कातळाचा चुरा, शेवाळ वाळून पांढरट पडलेली साल. धरणाच्या कडेच्या उतारावर गवत हिरव्याचं सोनेरी होत होतं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या एका उतारावर पाच रंग होते. मला दोन दिसत होते. तिने काड्या ओळीने मांडून दाखवल्या तेव्हा चार दिसले.

"नगरमधला एक दाताचा दवाखाना या तिसऱ्या काडीच्या रंगाचा आहे," ती म्हणाली. "डॉक्टरला सांगितलं नाही गवत आहे म्हणून. त्याला वाटतं परदेशी शेड आहे."

एरवी ती इथे दिवसभर बडबडते, असं आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या. या वेळी दर थोड्या वेळाने फोन वर धरून रेंज शोधत होती. रेंज नव्हतीच. दुपारी निघालो आणि राजूरच्या अलीकडे फोन एकदम वाजायला लागला. नानांचे सात मिस्ड कॉल. शबानाने गाडी बाजूला घेतली, फोन स्पीकरवर लावला.

"ताई, फोडली," नाना म्हणाले.

"काय फोडलं?"

"खिडकीखालची भिंत. तुमच्या रेघेपर्यंत."

शबानाने माझा हात दाबला. "बरं झालं. त्या एका खिडकीनं..."

"एका न्हाई. सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"ही काल गादी घेऊन परत्येक खोलीत जाऊन बसली. हितून दिसंना, तितून दिसंना. मग म्हटलं, गवंडी आलाच हाय तर घ्या उरकून. स्वयंपाकघराचीबी फोडली."

"नाना, स्वयंपाकघरात तिथं ओटा येणार होता."

"आता कसं करायचं?"

"मी येते. काही फोडू नका. बाथरूमची नाही ना फोडली?"

"तिथं सागर आडवा पडला."

मागून सागरचा आवाज आला, "ताई, सोफ्याचं काय ते आत्ताच सांगा."

"येणार. वरच्या तुझ्या खोलीत. करडाच. निळ्या दिव्यांसकट."

"आणि तो नाशिकवाला?"

"त्याला म्हणावं, बंगल्याला अजून खिडक्या बसायच्यात."

शबानाने फोन ठेवला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत राहिली. मग वहीच्या मागच्या पानावर ओटा दुसऱ्या भिंतीला फिरवायला लागली. मला संगमनेरला सोडेपर्यंत तिचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या ओट्यात जास्त होतं, म्हणून मीच दोनदा "ट्रॅक्टर" म्हणाले. तिथून पुण्याला भरपूर गाड्या आहेत, उभं राहावं लागत नाही.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंस? धरण, घाट आणि बाजार सांगून होतात. पण त्यानंतर मी ज्या घरी जाते तिथे माणसं कुठे बसली आहेत ते आधी बघते. सोफा रिकामा आणि चटई भरलेली, असं इतक्या घरांत दिसतं की सदर लिहिताना मी कुठे बघत होते असा प्रश्न पडतो. स्वतःच्या हॉलमध्येही खाली बसून पाहिलं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली. उभं राहिल्यावरही तीच दिसते.

महिनाभराने शबानाचा फोन आला. पाहुणे येऊन गेले होते. बैठक तयार होती, तात्यांचं उंच टोकही, पण सुतारकाम चालूच होतं आणि स्वयंपाकघराला ओटा नव्हता. चहा पत्र्याच्या खोलीतून आला. मुलीचे वडील बंगलाभर फिरले. मुलगी कृषी पदविका झालेली, ती हॉलच्या मधोमध उभी राहून खिडकीकडे बघत होती.

"या खिडक्या इतक्या खाली का घेतल्यात?" तिने विचारलं.

नानांनी सागरकडे बघितलं. सागरने शबानाकडे. शबाना मुद्दाम टेप गुंडाळत राहिली.

"खाली बसून बघा," सागर म्हणाला.

ती बसली. बराच वेळ बाहेर बघत होती. मग तिने विचारलं, "छाटणी कोण करतं? तिसऱ्या ओळीची उशिरा झालीय."

पुढचं अजून ठरायचं आहे. पण त्या दिवशी पाहुणे जेवूनच गेले, आणि अब्बांच्या गाद्या परत आल्या नाहीत.