मोझॅकचं सिंक आणि शेगडीची राख

इंदोरा वस्तीतल्या आमच्या घरात उभ्यानं भांडी घासायचं सिंक मी हट्टानं बसवून घेतलं, आणि ते तुंबलं तेव्हा मोकळंही मीच केलं. हे मी आजही मान ताठ करून सांगते. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा गिरणीत कामाला, घरात सासूबाई, स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर. आमच्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या परसात उकिडवं बसून भांडी घासली होती. निदान स्वतःच्या घरात तरी मला उभं राहायचं होतं. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "मोरीत बसून भांडे घासाले काय होते वं तुले?" असं त्या येता-जाता विचारायच्या. मी ऐकून घ्यायचे आणि उभीच राहायचे.

मग मोझॅकचं ते नवंकोरं सिंक तुंबायला लागलं. आधी पाणी रेंगाळत उतरायचं, पुढे कपबशी विसळली तरी तळं साचायचं. नवऱ्यानं जाळीतून सायकलची तार घालून पाहिली. तारेएवढं भोक पडलं आणि संध्याकाळपर्यंत बुजलं. त्यात दसरा तोंडावर आलेला. दीक्षाभूमीवर जायला सासूबाईंच्या माहेरची सगळी माणसं आमच्याकडेच उतरायची. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "पाव्हण्यायसमोर हे तुंबलं ना, तर मिस्त्रीले बोलावून फोडूनच टाकीन. मंग बस मोरीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारून पाना मागून आणला, सिंकखाली पाइप जिथं वळतो तिथं घमेलं ठेवलं आणि वळणावरचं बूच फिरवू लागले. गंजलेलं बूच काही केल्या हलेना.

"राहू दे, कोणाले तरी बोलावू," नवरा म्हणाला.

"तुम्ही फक्त बॅटरी धरा जी," मी म्हटलं. तो बॅटरी घेऊन वाकला.

शेवटी बूच निघालं, पण आतून थेंबही पडला नाही. काळा, घट्ट गाळ बोटांनी ओरबाडून काढावा लागला. चिमटीत चोळून पाहिला तर ती राख होती. शेगडीची राख आणि तर्रीचं तेल एकमेकांत मिसळून सिमेंटसारखं बसलं होतं. मोरीत भांडी घासताना राख उघड्या नालीतून वाहून जायची. घरातल्या सगळ्यांनी नव्या सिंकमध्येही तीच सवय चालू ठेवली होती. नाली सरळ जाते आणि पाइप वळतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात माझा कायदा लागू झाला. राखेनं घासायची भांडी अंगणात न्यायची आणि पहिलं पाणीही तिथंच मारायचं. तेलकट ताटं आधी पेपरनं पुसायची. अधूनमधून धुण्याचा सोडा टाकून वर उकळतं पाणी ओतायचं. सासूबाई नाक मुरडून म्हणाल्या, "एवढं गरम पाणी तं बाळंतिणीलेबी भेटत नाही!"

पाहुणे आले, पंगती उठल्या, ताटांचा ढीग पडला. मी उभी राहून घासत होते, आणि पाणी गिरकी घेऊन सरसर उतरत होतं. तरी प्रत्येक ताटागणिक माझा जीव टांगणीला. सासूबाई दारात बसून एकटक सिंककडे पाहत होत्या.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण कढई घेऊन आली. मदत करावी म्हणून तिनं मूठभर राख घेतली आणि सिंकवर वाकली. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी ताडकन उठून तिचं मनगट धरलं.

"अवं, काहून राख टाकून राहिली तिथं? अंगणात जा! माह्या सुनेनं सोताच्या हातानं मोकळं केलं हाय ते."

मी वळून त्यांच्याकडे पाहायला गेले आणि हातातलं ताट निसटलं. सासूबाईंनी ते झेललं, पदर खोचला, आणि माझ्याशेजारी उभ्या राहून विसळायला लागल्या.