शेजारचा सूर

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं कापायची. गिऱ्हाईकाच्या फ्रेमच्या मापाने भिंग कापायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या, नखाएवढे स्क्रू आवळायचे. दुकानात तिला सगळे भिंगवालीच म्हणायचे. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खोड एकच. गाण्याचं कुणी कौतुक केलं की बाई टम्म फुगायची.

एका शनिवारी तिच्या गाण्याच्या सरांनी तिला असंच फुगवलं. सर म्हणजे तरुणपणी जहाजांवरच्या बँडमध्ये पियानो वाजवत जगभर हिंडलेले आणि आता दोन खोल्यांत मोजक्या शिष्यांवर ओरडत बसलेले म्हातारबुवा. ते म्हणाले, "आता तुम्हाला निसरडी द्यायला हरकत नाही."

निसरडी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. या सुरावटीत पंचमच नाही. त्याच्या जागी तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम आहेच, आणि रे, ग, ध, नी सगळे कोमल. पंचम म्हणजे सा चा भरवशाचा सोबती. तो नसला की सा बिचारा एकटा पडतो, म्हणून शहाणी माणसं हिच्या वाटेला जात नाहीत. सरांची शिकवायची रीतही अवघड. सुरुवातीला पियानोवर सा एकदाच वाजवायचा आणि मग झाकण बंद. डोळे मिटून बराच वेळ गात राहायचं आणि शेवटी सा वर येऊन थांबायचं. मग सर पुन्हा सा वाजवणार आणि आपण कुठे पोचलो ते कळणार.

पहिल्या दिवशी ती गात गात सा वर आली, छान स्थिरावली. सरांनी पट्टी दाबली. सूर खालून आला. ती सा वर नव्हतीच. शेजारच्या काळ्या पट्टीवर, कोमल रे वर जाऊन बसली होती.

ती हादरली. चूक झाली म्हणून नव्हे, चुका ती ढिगाने करायची. पण एरवी चुकताना आत कुठेतरी खुटखुटतं. इथे काहीच खुटखुटलं नव्हतं. आपण सा वर आहोत याची तिला अगदी पक्की खात्री होती.

अशी खात्री तिने पूर्वी पाहिली होती. तिचे वडील पोस्टमन. सगळा परिसर त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतर एका दुपारी ते शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे होते आणि आतल्या माणसांवर ओरडत होते, "माझ्या दाराचं कुलूप कुणी बदललं?" तिथून जे सुरू झालं ते पोटच्या मुलीला "बाई, आपण कोण?" असं विचारण्यापर्यंत गेलं.

आता ते आपल्यात आलं, असं तिच्या मनाने घेतलं. स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवला ते आठवलं नाही की ती धास्तावायची. जिना चढून आली की ती आपल्याच दारावरची पाटी वाचायची आणि मगच किल्ली बाहेर काढायची. डॉक्टरकडे जायची छाती होत नव्हती. निसरडी मात्र सोडवत नव्हती, दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसं. दर शनिवारी ती गायची आणि दर शनिवारी त्या काळ्या पट्टीवर जाऊन बसायची.

शेवटी एकदा सरांसमोर तिला रडू फुटलं आणि तिने वडिलांचं सगळं सांगून टाकलं.

"मी काही डॉक्टर नाही," सर म्हणाले. "पण निसरडीत सगळेच तिथे जातात. मी वर्षानुवर्षं जात होतो. कोमल रे ला सा धरून बघा, बाकीचे सगळे सूर शुद्ध होतात, अगदी ओळखीचे. मग कान तिथेच हातपाय पसरून बसतो. मला एक सांगा, मी सा वाजवल्यावर तुम्ही कुणाला खोटं ठरवलंत?"

"मलाच."

"आणि वडिलांनी?"

"कुलपाला."

"मग रडताय कशाला? घरी कुणाला तरी शेवटचा सा वाजवायला बसवा आणि रियाज करा. नाक पुसा आधी."

घरी तिची लेक होती. कामावरून आली की ती लहानसा कीबोर्ड मांडीवर घेऊन आईसमोर बसायला लागली. आईने तिला सरांचं बोलणं रंगवून सांगितलं आणि वर म्हणाली, "हे बघ, ज्या दिवशी मी म्हणेन की कीबोर्डच बिघडलाय, त्या दिवशी मला उचल आणि डॉक्टरकडे ने." एवढं बोलून ती हसली. लेक हसली नाही.

सुरुवातीला रोज तेच. शेवटी सूर खालून यायचा आणि आईचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग एका संध्याकाळी लेकीने पट्टी दाबली आणि सूर बरोब्बर जुळला. दुसऱ्या दिवशीही जुळला. तिसऱ्याही. भिंगवालीचा जीव भांड्यात पडला. दारावरची पाटी वाचणं तिने सोडून दिलं.

शनिवारी ती सरांकडे गेली ती ऐटीतच. डोळे मिटून गायली, सा वर आली, थांबली. सरांनी पट्टी दाबली. सूर खालून आला.

"सर, तुमचा पियानो उतरलाय वाटतं," ती म्हणाली.

बोलून गेली आणि मग स्वतःचेच शब्द तिच्या कानावर पडले.

"पियानो परवाच लावून घेतलाय," सर हळू आवाजात म्हणाले. या माणसाला हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याने ती आणखीच घाबरली.

ती कशीबशी घरी पोचली. पाटी वाचली, पुन्हा वाचली, तरी किल्ली लावायला हात धजेना. शेवटी बेल दाबली. लेकीने दार उघडलं, तेव्हा आपल्याच मुलीला बघून तिला रडू आलं. काय झालं ते तिने सांगितलं नाही. "बस," एवढंच म्हणाली. "सा दे."

त्या दिवशी डोळे मिटायची तिला भीती वाटत होती, म्हणून ते तिने उघडेच ठेवले. लेक मान खाली घालून ऐकत होती. आई शेवटच्या सुरावर येऊन थांबली. लेकीचं बोट सा च्या पांढऱ्या पट्टीवर गेलं. तिथे घुटमळलं. मग लेकीने ओठ चावला, बोट उचललं आणि शेजारची काळी दाबली. सूर बरोब्बर जुळला.

"काळी दाबलीस तू."

लेक दचकली. मग तिचा चेहराच कोसळला. "तू दर वेळी इतकी घाबरायचीस गं. मला बघवत नव्हतं. आणि मला वाटायला लागलं की आजोबांचंच... म्हणून मी ऐकायचे, आणि तू ज्या पट्टीवर असशील तीच दाबायचे."

भिंगवालीला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ असा राग आला की हात उगारला गेला. पण तिला वडील आठवले. शेवटी शेवटी त्यांच्याशी रोज वाद घालून घर थकलं होतं. तेव्हा एकदा शेजाऱ्यांच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या हातातून किल्ली घेऊन ती म्हणाली होती, "हो बाबा, कुलूपच बिघडलंय." किती खूश झाले होते ते! त्यानंतर आपलं दार कुठलं, हे त्यांनी कुणालाच कधी विचारलं नाही. ते तीच बोलली होती, आणि मायेनेच बोलली होती.

तिने हात खाली घेतला.

"अगं, मी चुकले तर मला घाबरू दे," ती म्हणाली. "पण परत आण मला. तू मला तिथेच बसवून आलीस तर मी कुणाच्या भरवशावर परत यायचं?"

लेकीने बाहीने डोळे पुसले आणि पांढरी पट्टी दाबली. सूर खालून आला. भिंगवाली घाबरलीच. तिने आवाज हळूहळू खाली आणला, चाचपडत, आणि त्या सुराला लावला.

"आता पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि बोट थरथरलं तरी पांढरीवरच ठेव."